सूट घेतलाय ना, मग बुफेच्या लायनीत कशाला? क्रूझवर सूटवाल्यांनी कुठे आणि कसं जेवायचं

क्रूझवर पहिल्यांदा सूट (म्हणजे बोटीवरची मोठी, महागडी खोली) घेतला तेव्हा आम्ही दोन दिवस बुफेत जेवलो. मी पुढे टेबल शोधतेय, मागे बाबा ताट सांभाळत, त्यांच्या मागे आई, आणि नवरा कुठेतरी पिझ्झाच्या लायनीत हरवलेला, थोडक्यात मंगल कार्यालयात दुसऱ्या पंगतीच्या वेळी जे होतं ते. खोलीत टेबलावर एक पाकीट ठेवलेलं होतं, ते आम्ही उघडलंच नाही कारण वाटलं स्पाची नाहीतर दागिन्यांच्या सेलची जाहिरात असेल. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका गोऱ्या आजींनी माझ्या हातातलं खोलीचं कार्ड बघून विचारलं की अगं तू सूटमधली ना, मग सकाळी तिकडे ब्रेकफास्टला कशी दिसत नाहीस, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. खोलीत जाऊन पाकीट उघडलं तर सूटवाल्यांच्या वेगळ्या रेस्टॉरंटच्या वेळा लिहिलेलं कार्ड आत. चूक सगळी आमचीच.

त्यानंतर चार-पाच क्रूझ झाल्या. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, बेयॉनचं केप लिबर्टी बंदर टर्नपाइक हायवेने एक्झिट १४ए, ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासात पोचतो, मग विमानाचे जे पैसे वाचतात ते सूटमध्ये घालायचे असा माझा हिशोब आहे (नवऱ्याला तो हिशोब पटत नाही पण जेवायला टेबलावर सगळ्यात आधी तोच असतो). भारतातून आई-बाबा आले की एक क्रूझ ठरलेलीच, मैत्रिणीही हल्ली विचारतात, म्हणून एकदाच काय ते सगळं लिहून ठेवते.

आधी बघा तुमचा सूट नक्की कुठला

घोडं पेंड खातं ते इथेच. नावात सूट आहे म्हणजे सूटचं रेस्टॉरंट मिळणारच असं अजिबात नाही. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घेते कारण ते मला जास्त माहितीये आणि बेयॉनहून त्यांच्या बोटी सुटतात. ओअॅसिस आणि क्वांटम क्लासच्या मोठ्या बोटींवर त्यांनी २०१६ पासून सूटच्या तीन पायऱ्या केल्या, सी, स्काय आणि स्टार. सूटवाल्यांचं जे वेगळं रेस्टॉरंट आहे त्याचं नाव कोस्टल किचन, जेवण मेडिटेरेनियन आणि कॅलिफोर्निया अशा मिश्र धाटणीचं.

आता ज्युनियर सूट म्हणजे सी क्लास. त्यांना कोस्टल किचनमध्ये फक्त रात्रीचं जेवण, तेही जागा असेल तर. सकाळचा नाश्ता नाही, दुपारचं जेवण नाही, सूटवाल्यांची बसायची वेगळी जागा म्हणजे सूट लाउंज, तेही नाही. ज्युनियर सूट वाईट असतो असं मी म्हणत नाहीये, खोली बाल्कनीवाल्यांपेक्षा मोठी आणि चांगली असते, पण जेवणासाठी म्हणून कोणी ज्युनियर सूट घेत असेल तर ती दुधाची तहान ताकावर आहे हे आधी कळलेलं बरं. ग्रँड सूट, ओनर्स सूट हे स्काय क्लासमध्ये येतात आणि त्यांना कोस्टल किचन तिन्ही वेळा, लाउंज, शिवाय मेन डायनिंग रूमचा (म्हणजे सगळ्यांसाठीचा मोठा जेवणाचा हॉल) मेनू खोलीत मागवायची सोय. आणि स्टार क्लास म्हणजे रॉयल लॉफ्ट वगैरे, तिथे रॉयल जिनी नावाचा माणूस तुमच्या दिमतीला, पैसेवाली रेस्टॉरंट (जिथे एरवी जेवणाचे वेगळे पैसे पडतात ती) सगळी फुकट, ड्रिंक पॅकेज आत, टिपही आत. फुकट म्हणजे काय, आधीच घेतलेत तुमच्याकडून, तेही चांगले दणदणीत.

अजून एक. त्यांच्याच व्हॉयेजर, फ्रीडम क्लासच्या जुन्या बोटींवर कोस्टल किचन नाही. तिथे ग्रँड सूट घेतला तरी सूटवाल्यांची सोय वेगळ्या पद्धतीने करतात, म्हणजे स्टेकहाऊस (भाजलेल्या मांसाचं रेस्टॉरंट) सकाळी रिकामंच असतं तर तिथे नाश्ता असं काहीतरी. त्यामुळे बुकिंग करताना फक्त कंपनी आणि सूटचं नाव बघू नका, बोट कुठली तेही बघा. एजंट ही गोष्ट आपणहून सांगतोच असं नाही, त्याला थेट विचारा की या बोटीवर, या खोलीला, नाश्ता-जेवण-रात्र यातलं नक्की काय मिळणार, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

बाकीच्या कंपन्या भराभर सांगते. सेलिब्रिटीवर सूटवाल्यांच्या भागाला रिट्रीट म्हणतात आणि त्यांचं रेस्टॉरंट लुमिने, २०१५ पासूनचं, तिन्ही वेळा उघडं. त्यांच्याकडे अॅक्वा क्लास नावाचा एक मधला प्रकार आहे, खोली साधी बाल्कनीची पण ब्लू नावाच्या वेगळ्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण, माझ्या मते ज्यांना फक्त गर्दी टाळायचीये आणि मोठी खोली नकोय त्यांनी सूटच्या आधी हा बघावा. नॉर्वेजियनवर हेवन, नव्या मोठ्या बोटींवर त्यांचं स्वतःचं रेस्टॉरंट आणि बटलर, जुन्या बोटींवर मात्र परत तेच, स्टेकहाऊसमध्ये सकाळ-दुपारची सोय. एमएससीचं यॉट क्लब, २००८ साली फँटासिया बोटीपासून सुरू झालेलं, त्यात वेगळं रेस्टॉरंट, वेगळं लाउंज, वेगळा पूल आणि यॉट क्लबच्या आत ड्रिंक्सचे पैसे नाहीत. त्यांची मेराविलिया २०२३ पासून ब्रुकलिनहून सुटायला लागली तेव्हापासून आपल्या इकडच्या बऱ्याच मंडळींनी तिकडे मोर्चा वळवलाय. कंपनीचं मूळ इटालियन असल्यामुळे पास्ता-रिझोटो-पिझ्झा यात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही हाही एक मुद्दा. हॉलंड अमेरिकाच्या बऱ्याच बोटींवर नेपच्यून सूटला पिनॅकल ग्रिलमध्ये सकाळचा नाश्ता मिळतो. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न यांच्यावर सगळेच सूट असतात त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही (आणि आमच्या बजेटमध्येही ते येत नाहीत).

क्युनार्डची मजा वेगळी आहे. तिथे अजून जुन्या काळासारखं आहे, तुमची खोली ठरवते तुम्ही कुठल्या हॉलमध्ये जेवणार. साध्या खोल्यांना ब्रिटानिया, त्यावर प्रिन्सेस ग्रिल, आणि सगळ्यात वर क्वीन्स ग्रिल. ग्रिलवाल्यांचं टेबल पूर्ण प्रवासभर राखून ठेवलेलं, रेस्टॉरंट उघडं असेल त्या वेळात कधीही जा, टेबल तुमचंच. क्वीन मेरी २ ब्रुकलिनच्या रेड हुकहून साउथहॅम्प्टनला सात रात्रीत जाते, आणि सात दिवस सलग पाणीच पाणी असल्यामुळे जेवण हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम. मी गेलेली नाही, नणंद गेली होती, ती अजून त्या टेबलाबद्दल बोलते, आणि तिथल्या लोकांच्या कपड्यांबद्दलही. संध्याकाळी तयार होऊन जायचा कंटाळा असेल तर क्युनार्ड तुमच्यासाठी नाही.

पहिला दिवस

बोटीवर चढलात की सगळी जनता थेट बुफेकडे पळते, रॉयलवर त्याला विंडजॅमर म्हणतात, दुपारी बारा ते दोन तिथे दादर स्टेशनसारखं असतं. तुम्ही स्काय किंवा स्टारमध्ये असाल तर त्यांना जाऊ दे, तुम्ही सरळ कोस्टल किचनला जा, पहिल्या दिवशी दुपारचं जेवण तिथे मिळतं. खोली अजून तयार नसते, हातात बॅगा असतात, आई-बाबा बंदरावरच्या लायनीने दमलेले असतात, अशा वेळी टेबलावर बसून कोणीतरी पाणी आणून दिलं की अर्धा शीण तिथेच जातो. मला विचाराल तर सूटच्या जेवणातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

आणि तिथे बसल्या बसल्या तीन कामं उरका. एक, रात्रीच्या जेवणाची रिझर्व्हेशन्स, निदान पहिल्या दोन-तीन रात्रींची, कारण सी क्लासवाले रात्रीच येतात आणि मग साडेसात ते साडेआठ जागेची ओढाताण होते. मोठा ग्रुप असेल तर हे काम कॉन्सिएर्जला (सूटवाल्यांची बुकिंगं बघणारा माणूस) सांगा, तो त्याच्यासाठीच बसलेला असतो, लाउंजमध्ये त्याचं डेस्क असतं. दोन, तिथल्या हेडवेटरला भेटा. तीन, मेन डायनिंग रूममध्ये तुम्हाला दिलेलं टेबल सोडू नका. पुष्कळ लोक म्हणतात आपल्याला सूटचं रेस्टॉरंट आहे मग ते टेबल कशाला, पण सात रात्री एकाच ठिकाणी जेवून माणूस कंटाळतो, कोस्टल किचनचा मेनू काही फार मोठा नसतो, आणि खाली दर रात्री मेनू वेगळा. सूटच्या रेस्टॉरंटमध्ये बसून खालच्या मेनूतलं काही हवं असेल तर विचारायलाही काही हरकत नाही, संकोच करू नका.

दिवसभराचं गणित

सकाळी सूटचं रेस्टॉरंट, यात दुमत नको. अंडी, पॅनकेक, फळं जे बुफेत असतं तेच साधारण असतं पण टेबलावर येतं आणि कॉफीचा दुसरा कप मागावा लागत नाही. बाबांना सकाळी चहा लागतो आणि तो चहा म्हणजे उकळलेला, दूध घालून, आलं टाकून. तो कुठल्याही सूटमध्ये आपोआप मिळत नाही. गरम पाणी, टी बॅग आणि थंड दुधाचं भांडं एवढंच येतं. आम्ही आता वेटरला पहिल्याच सकाळी सांगतो की दूध गरम करून आणा आणि दोन टी बॅग टाका, आणि आलं-वेलचीची सीलबंद चहापुडी घरून नेतो. खोलीत किटली किंवा हॉटप्लेट न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, बोटीवर कॉफी मेकर, हॉटप्लेट, इस्त्री असलं काही चालत नाही, सिक्युरिटीला बॅगेतून काढून घेतात. आईने उदबत्ती आणली होती, तीही चालत नाही, आगीची भीती.

दुपारी माझं मत जरा वेगळं आहे. बंदरावर उतरायचा दिवस असेल तर सूटचं रेस्टॉरंट सोडा, बर्म्युडाच्या डॉकयार्डला उतरून परत जेवायला येण्यात दिवस जातो. समुद्राच्या दिवशी मात्र दुपारी तिथे शांत असतं. क्वांटम क्लासवर सोलारियम बिस्ट्रो आणि कॅफे टू सेव्हंटी हीसुद्धा बिनपैशाची आणि बऱ्यापैकी निवांत ठिकाणं आहेत, सूट असो नसो. फक्त सोलारियमचा भाग मोठ्यांसाठी आहे, लहान मुलं घेऊन जाऊ नका, उठवतात.

संध्याकाळी सूट लाउंज. ठराविक वेळात ड्रिंक्स आणि छोटे छोटे खाण्याचे तुकडे ठेवतात. आता आपल्या लोकांचं काय होतं, फुकट आहे म्हणून तिथेच चीज-क्रॅकर्स-ऑलिव्ह वर इतका हात मारतो की रात्रीच्या जेवणाला भूकच नाही. बाबा तर एकदा सहा वाजता म्हणाले की माझं झालं जेवण. तिथे प्यायला बसा, खायला नको.

पैसेवाली रेस्टॉरंट. स्टार क्लासला ती आत धरलेली असतात, स्कायला नाहीत, त्याचे वेगळे पैसे आणि बहुतेक ठिकाणी वर १८ टक्के ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) आपोआप लागते. तुम्ही स्टारमध्ये असाल तर जिनी निघायच्या आधी ईमेल करतो आणि काय काय हवंय विचारतो, त्या ईमेलला मोघम उत्तर देऊ नका, कुठल्या रात्री कुठे, किती वाजता, कोण काय खात नाही, सगळं लिहा. स्कायमध्ये असाल आणि घरात शाकाहारी जास्त असतील तर स्टेकहाऊसला पैसे घालू नका, सरळ सांगते, भाजलेला मशरूम आणि उकडलेलं अॅस्परॅगस खाऊन परत याल. इटालियन चालेल. जपानीमध्ये सुशी शाकाहारी करून देतात पण मिसो सूप पिऊ नका, त्याच्या पाण्यातच माशाचा अर्क असतो. तेपान्याकीच्या (समोर तव्यावर भाजून देतात ते जपानी जेवण) तव्यावर आधी काय भाजलं गेलंय ते विचारा, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांनी तिथे जाऊच नये, तिथल्या कूकलाही अवघड आणि आपल्यालाही.

शाकाहार, जैन, उपास

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण इथेच सूटचा खरा उपयोग होतो. जेवणाची चव सूटमध्ये खूप वेगळी असते असं काही नाही, भटारखाना खाली बराचसा एकच असतो. फरक आहे तो माणसांचा. मेन डायनिंग रूममध्ये एकेका वेटरकडे किती टेबलं आणि वेळेचं बंधन, सूटच्या रेस्टॉरंटमध्ये लोक कमी, तोच स्टाफ रोज, दुसऱ्या दिवसापासून ते तुम्हाला नावाने ओळखतात. म्हणून मी म्हणते हेडवेटरला पहिल्याच जेवणाला गाठा. मेनू कार्ड बघत बसू नका, त्या माणसाशी बोला.

काय बोलायचं ते नीट ठरवून जा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर अमेरिकन बोटीवर अंडं चालतं असं धरतात, तुम्हाला अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगा, केक-डोनट तर सोडाच, नानच्या पिठातही अंडं असू शकतं. व्हेगन म्हणून सुटका करून घेऊ नका, मग दही, तूप, पनीर, सगळंच जाईल आणि ताटात उरेल टोफू. सूपचा स्टॉक चिकनचा आहे का हे दर वेळी विचारायचं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही म्हणजे छोटा मासा, वुस्टर सॉसमध्येही तोच. मूस, पॅनाकोटा, काही चीजकेक यात जिलेटिन असतं. पार्मेजान चीजमध्ये रेनेट असतं, ते वासराच्या पोटातून येतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ते सांगावं. आमच्या पहिल्या क्रूझला बुफेतलं बटाटा आणि लीकचं सूप बाबा आवडीने पीत होते, अर्धा बाऊल झाल्यावर मी सहज विचारलं तर आत चिकन स्टॉक. बाबा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले पोटात गेलं ते गेलं, आता आईला सांगू नकोस. आई शेजारीच बसली होती.

अॅलर्जी असेल, विशेषतः शेंगदाणे-काजूची, तर ती आवडीनिवडीत मिसळून सांगू नका, पहिलं वाक्य तेच असू दे.

आणि हे सगळं बुकिंगच्या वेळीच कंपनीला कळवा, निदान महिना-दीड महिना आधी. पण कळवलं म्हणून बोटीवर सगळ्यांना माहीत असेल असं समजू नका, परत सांगायचंच. जैन म्हटलं तर बहुतेक ठिकाणी आता कळतं, कारण बोटींवर आपले लोक खूप आहेत, गोव्याचे तर घराणीच्या घराणी पिढ्यानपिढ्या बोटीवर कामाला आहेत. तरी कांदा, लसूण, बटाटा, गाजर अशी जमिनीखालची यादी कागदावर लिहून द्या, आणि किती दिवस तेही.

भारतीय जेवण हवं असेल तर रात्री मागितलं आणि रात्री आलं असं नाही होत. आदल्या रात्री हेडवेटरला सांगायचं, उद्या डाळ-भात-भाजी चालेल का, भाजी कुठली आहे, मग तो खाली निरोप देतो आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थित येतं. रोज मागू नका हा माझा आपला सल्ला, तिसऱ्या दिवशी त्याच पिवळ्या डाळीचा आणि त्याच पनीरचा कंटाळा येतो, दिवसाआड ठेवा. तिखट म्हणजे इंडियन स्पायसी असं स्पष्ट सांगा नाहीतर गोडसर टोमॅटोचं काहीतरी येतं.

आता संकष्टीची गोष्ट. मागच्या वेळी मधल्या दिवशी संकष्टी आली आणि आई म्हणाली मी काही सोडणार नाही, बोट असो नाहीतर विमान. सकाळी नाश्त्याला हेडवेटर आला, मडगावचा निघाला, आईने त्याला मराठीत आणि त्याने तिला कोकणीत असं दोघांचं सुरू झालं. साबुदाणा आहे का, नाही. भगर, नाही. बटाटा, दाणे, दही, फळं, हे सगळं आहे. दुपारी त्याने आणून ठेवलं ते बघून मी बघतच राहिले, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तुपावर नाही पण लोण्यावर परतलेल्या, वर जिरं, बाजूला भाजलेल्या दाण्यांचा भरडसर कूट छोट्या वाटीत, हिरवी मिरची वेगळी, आणि दही. आईने पहिला प्रश्न काय विचारला असेल तर मीठ शेंदेलोण आहे का. तो हसून म्हणाला माय, समुद्रातच आहोत, समुद्राचंच मीठ. आईने खाल्लं.

पण खरी अडचण रात्रीची. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, उन्हाळ्यात चंद्रोदय उशिरा, आणि तोवर रेस्टॉरंट बंद व्हायला आलेलं. आई कालनिर्णयाचं पान घेऊन बसलेली, त्यात वेळ मुंबईची, बोटीचं घड्याळ बर्म्युडासाठी एक तास पुढे केलेलं, कोणाला काही कळेना. इथे सूटची ती खोलीत जेवण मागवायची सोय कामी आली. डायनिंग रूम चालू असेल तोवरच ती ऑर्डर घेतात हे लक्षात ठेवा, त्यामुळे बंद व्हायच्या आधी मागवून घेतलं, डाळ-भात आणि भाजी, झाकून ठेवायला सांगितलं, आणि आम्ही सगळे बाल्कनीत. साधारण दहाच्या सुमारास पाण्यातून लालसर काहीतरी वर यायला लागलं. आई म्हणाली पंचांग राहू दे, तो बघा आला. नैवेद्याला घरून नेलेले सीलबंद पेढे होते. डाळ कोमट झाली होती, कोणी काही बोललं नाही.

त्यावरून आठवलं, खाण्याचं काय नेता येतं. सीलबंद पाकिटातलं चालतं, चिवडा, बाकरवडी, खाकरा, राजगिऱ्याचे लाडू, दुकानातून आणलेलं असेल तर काही प्रॉब्लेम नाही. घरी केलेलं नाही चालत, डब्यातले थालीपीठ-पुऱ्या बंदरावरच अडवतात. माझी एक मैत्रीण डबाभर मेथीचे ठेपले घेऊन आली होती, ते टाकावे लागले, पूर्ण क्रूझभर ती त्या ठेपल्यांबद्दल बोलत होती.

किरकोळ पण कामाचं

कपडे: सूटचं रेस्टॉरंट म्हणून काही कोट-टाय लागत नाही, रात्री नीटनेटकं असलं की झालं, पुरुषांनी शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचे बनियनसदृश टीशर्ट टाळावेत. ज्या रात्री बाकी बोट नटून थटून डायनिंग रूमला जाते त्या रात्री तुम्हाला नटायचा कंटाळा असेल तर सूटचं रेस्टॉरंट ही चांगली पळवाट आहे. उलट आईला मात्र तीच रात्र हवी असते, पैठणी आणलेली असते ना. तिथे फोटोग्राफर असतात, त्यांचे फोटो महाग, फोनवर काढा.

टिप: रॉयलवर सूटची रोजची ग्रॅच्युइटी साध्या खोल्यांपेक्षा जास्त लागते, ती आधीच बिलात लावतात. त्यावर वेगळं द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आम्ही त्या मडगाववाल्याला आणि आमच्या टेबलाच्या वेटरला शेवटच्या रात्री पाकिटात रोख दिलं. शेवटच्या सकाळी द्यायला जाल तर ते भेटतीलच असं नाही, त्यांची धावपळ असते.

मुलं: सूटच्या रेस्टॉरंटमध्ये मुलांना नेता येतं. पण चार कोर्सचं जेवण दीड तास चालतं आणि सहा वर्षांचं पोर पंधराव्या मिनिटाला टेबलाखाली जातं. आम्ही भाच्याला आधी खाली पिझ्झा खाऊ घालतो, मग किड्स क्लबला सोडतो, आणि मग निवांत वर जातो.

दोन खोल्या घेतल्या आणि एकच सूट असेल, म्हणजे आई-बाबा साध्या बाल्कनीत आणि तुम्ही सूटमध्ये, तर त्यांना सूटच्या रेस्टॉरंटमध्ये नेता येईलच असं धरून चालू नका. काही ठिकाणी एखाद्या वेळी जागा असेल तर घेतात, पण नियम असा की ज्याच्या कार्डावर सूट तोच आत. दारात आई-बाबांना घेऊन उभं राहून हुज्जत घालण्यात मजा नाही. त्यापेक्षा आई-बाबांनाच सूट द्या आणि तुम्ही साध्या खोलीत राहा, किंवा सगळे मिळून एक मोठा.

शेवटच्या सकाळी बुफेत पुन्हा पहिल्या दिवसासारखीच झुंबड असते, सूटचं रेस्टॉरंट बहुतेक त्या दिवशीही उघडतं पण लवकर बंद होतं, वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा आणि बॅगा घेऊन थेट तिथेच बसा. आणि उठताना टेबलावरचं फळ पर्समध्ये टाकू नका. बंदरावर कस्टमचा कुत्रा असतो, बोटीवरची फळं खाली न्यायला बंदी आहे. आमच्या आईच्या पर्समध्ये एक सफरचंद होतंच, कुत्रा येऊन शांतपणे तिच्या पायाशी बसला, आईला वाटलं लाडात आलाय, तिने त्याला गोंजारायला हात पुढे केला.